खिळ्यांतली नूरचश्मी

आमच्यात तेव्हा लग्नाच्या रुक्क्यावर, म्हणजे पत्रिकेवर, मुलीचं नाव घालत नसत. नुसतं ‘नूरचश्मी’ लिहीत, म्हणजे डोळ्यांचा उजेड. आमचे अब्बा कातिब, सुंदर अक्षरात लिहून देणारे. त्यांनी कागदावर लिहायचं आणि छापखान्यानं ते दगडावर उतरवून छापायचं, अशी रीत होती. नूरचश्मीतला शीन, उर्दूतला श, ते असा लांब ओढत, की बघणाऱ्याचा श्वास अडकून राही. निजामाचं राज्य, कचेरीची भाषा उर्दू. त्यामुळे देवगाव रंगारीचे पाटीलसुद्धा वर मराठी आणि खाली अब्बांचं अक्षर असाच रुक्का छापून घेत. मी लहानपणापासून माझ्या रुक्क्याची वाट बघत होते.

माझं लग्न ठरलं आणि अब्बा म्हणाले, या वेळी खिळ्यांवर छापू.

औरंगपुऱ्यातल्या छापखान्यात हैदराबादहून नस्तालीकचे, म्हणजे उर्दूच्या वळणदार लिपीचे, शिशाचे खिळे नवेच आले होते. नमुना घरी आला. अक्षरं देखणी होती, खोटं कशाला बोलू? दुकानाची पाटी, अत्तराच्या बाटलीवरची चिठ्ठी, शाळेचं बक्षीसपत्र, कुठंही शोभली असती. पण शीन आखूड. खिळा जेवढा, तेवढाच शीन.

माझा जीव थाऱ्यावर राहिना. अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून अंगणात.

“एका जागी बस की गं,” अम्मी ओरडली. “पायाला भिंगरी लागली का?”

बसवतच नव्हतं. लोकांच्या मुलींना अब्बांचा हात आणि मला शिसं? अब्बा घरात आले तशी मी दौत, बोरूची कलम आणि कागद त्यांच्यापुढं आदळले.

“एवढा एक शब्द लिहा. तेवढाच दगडावर घ्यायला सांगा.”

“टाइप लई नफीस आहे, बेटा. जिद्द नक्को.”

“मला टाइप नको. तुम्ही लिहा.”

त्यांनी अम्मीकडं बघितलं. अम्मीनं मान खाली घातली. मग त्यांनी कलम बुडवली. ‘नूर’ची नून, वाव, रे ही अक्षरं नीट उतरली. शीन ओढायला घेतला आणि रेघ मध्येच थरथरली, ती शेवटपर्यंत थरथरतच गेली.

“रमजानपासून असंच आहे,” ते म्हणाले. “बारीक अक्षर निभतं अजून. लांब रेघ नाय निभत.”

“चालेल मला,” मी रडत म्हणाले. “हाच छापा.”

“लोक माझा शीन ओळखतात. हा बघितला, की कचेरीचं बारीक कामही कोणी देणार नाय. खिळ्यांवर छापलं तर म्हणतील, कातिबानं पोरीसाठी नवी फॅशन केली.” त्यांनी कलम पुसून ठेवली. “तुझ्या पाठीवर अजून दोघी आहेत.”

मी तो कागद उचलला. शाई ओलीच होती. चुलीत घातला आणि पुरता जळेपर्यंत तिथंच उभी राहिले. मग बाहेर येऊन डोळे पुसले.

“चौकट हिरव्या रंगात सांगा, अब्बा,” मी म्हणाले. “खुलून दिसेल.”