काकूंच्या नावाचं फूल

तुमसरच्या कॉलेजात मला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी तरुणपणी एक नवी प्रजाती शोधली होती आणि तिला आपल्या बायकोचं नाव दिलं होतं. आंबागडच्या किल्ल्याखालच्या एका तलावात दिवाळीच्या सुमारास पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या चिखलात ती फुलायची. बोटाच्या पेराएवढं रोप आणि वर शर्टाच्या बटनासारखं पांढरं डोकं. त्या डोक्यातली खरी फुलं भिंगाशिवाय दिसतही नाहीत. तशी ही बटनं आमच्याकडे धानाच्या बांध्यांमधून सगळीकडेच असतात, पण ती उंच आणि लवदार. सरांची ठेंगणी, आणि तिच्या डोक्याखालच्या बारीक खवल्यांवर एकही केस नाही. तेवढ्या फरकावर ती वेगळी ठरली होती.

काकू सिहोऱ्याच्या, धान पिकवणाऱ्या घरातल्या. बैठकीत त्या रोपाचं सरांनीच काढलेलं चित्र लावलेलं होतं. पाहुण्याचा चहा संपायच्या आत काकू तिकडे बोट दाखवायच्या, "हे माह्या नावाचं हाये." आम्ही विद्यार्थी हसायचो, सर लाजून दुसरा विषय काढायचे.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले आणि पीएच.डी.साठी याच कुळाचं पुनर्वर्गीकरण घेतलं. पूर्वी नुसत्या बाह्य लक्षणांवरून पाडलेल्या प्रजाती डीएनएच्या कसोटीवर टिकतात का, ते पाहायचं होतं. सरांची टिकेल याबद्दल मला शंकाच नव्हती. उलट तिला आता पक्का पुरावा मिळणार म्हणून मी खूष होते. सर निवृत्त झाले होते, तरी माझ्यासोबत हिंडले. बपेऱ्यापासून आंबागडपर्यंतचे तलाव आम्ही पालथे घातले, पानं वाळवली आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवली.

निकाल आला तेव्हा वंशवृक्षाचा कागद मी उलटसुलट करून पाहिला. सरांच्या रोपांना वेगळी फांदी नव्हतीच. बांध्यांमधल्या साध्या रोपांच्या गर्दीत ती इकडेतिकडे विखुरली होती.

सरांनी कागद शांतपणे पाहिला. म्हणाले, "डीएनए काही म्हणो, रोप काय म्हणते ते पाहू." त्यांनी अंगणात प्लास्टिकचे टब मांडले आणि सगळ्यांत त्या तलावातलंच बी टाकलं. काही टब भरलेले ठेवले, काही आटू दिले. आटलेल्या टबांतली रोपं ठेंगणीच राहिली. पाण्यातली मात्र उंच होत गेली. एका सकाळी मी गेले तर सर भिंग लावून टबावर वाकलेले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. पाण्यातल्या उंच रोपांच्या खवल्यांवर लव आली होती.

"चिखल वाळते म्हणून बिचारी घाईत फुलते," ते म्हणाले. "मी तिच्या घाईलेच प्रजाती समजलो."

"सर, अजून एक हंगाम पाहू या का?"

"कायले? लिहून टाक. माझंही नाव टाक त्यात. फक्त तुझ्या काकूले तू सांग. मले नाही जमणार."

काकू स्वयंपाकघरात लाखोरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी समोर बसून सांगितलं, "काकू, ते फूल वेगळं नाही निघालं. साध्याच फुलात जमा करावं लागते."

"मंग माहं नाव?"

"पुसत नाहीत. मुख्य नावाच्या खाली राहते, समानार्थी म्हणून."

"म्हंजे खाली बसवलं." त्यांचा हात डाळीत थांबला. "झाड हाये ना पन तलावात?"

"आहे."

"मंग झाड जित्तं असून नाव कायले मारून राहिले तुमी?"

काकूंनी सूप बाजूला सारलं, उठून चहा ठेवला. चहा नेहमीसारखाच दिला, जवळ मात्र बसल्या नाहीत.

शोधनिबंध छापून आला, चार लोकांनी चांगलं म्हटलं. नंतर एकदा गेले तेव्हा बैठकीत चित्राच्या जागी कॅलेंडर होतं. चित्र कोणी उतरवलं हे मी विचारलं नाही. काकू पाहुण्यांशी हवापाण्याचं बोलायच्या. सरांनीही तलावांवर येणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणायचे. या उन्हाळ्यात ते गेले.

दिवाळी झाल्यावर मी काकूंना भेटायला गेले. मी निघताना त्या म्हणाल्या, "मले ते फूल दाखवशीन का?"

"तुम्ही पाहिलं नाही?"

"चित्रातच. हे सकाळी डबा घेऊन जायचे. माह्यामागं घरी सासू, जनावरं. मले कोन नेते?"

इतकी वर्षं त्या घरात येऊन-जाऊन मला हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत बसवून नेलं. तलावाच्या पारीवरून, त्या मातीच्या बांधावरून, हात धरून हळूहळू खाली उतरवलं. ओल्या कडेला बटनं पांढरी पसरली होती. त्यांना वाकता येईना, म्हणून मी एक रोप मुळासकट काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. भिंग पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"बाप्पा! येवढंसं?"

दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यांनी ते पांढरं डोकं हलकेच फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "त्यायनं आनाले पायजे होतं मले. एकडाव तरी."

तो निबंध आज पुन्हा लिहायला बसले तरी तेच लिहीन, पुराव्यात खोट नाही. पण सर हयात होते आणि ते नावही टिकून होतं, त्या काळात सर आणि काकूंनी इथं एकदा सोबत उभं राहायला हवं होतं. वर्षानुवर्षं आम्ही सगळे या तलावावर येत होतो, आणि गाडीत एक जागा त्यांच्यासाठीही आहे हे कुणालाच सुचलं नाही.

काकूंनी माझा खांदा धरला, कशाबशा वाकल्या आणि रोप परत चिखलात खोचलं. पदराला हात पुसत म्हणाल्या, "चाल, ऊन चढून राहिलं."