सायकलपुरता रस्ता

रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी चार फूट जागा सोडली तर जगातली निम्मी भांडणं मिटतील, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि तो नेमका माझ्या ताईला नवरा म्हणून मिळाला. संप चिघळून गिरणी कायमची बंद पडली, तेव्हा भाऊजींनी दादरला छापखान्यात नोकरी धरली आणि ते लालबागहून सायकलने जायला लागले. मग लग्नाला सायकल, बारशाला सायकल. अंत्ययात्रेतही ती हातात धरून चालायचे, तेही डाव्या बाजूने. अंगावर ट्रक आला तर शांतपणे घंटी वाजवायचे. ट्रक थांबायचा, बहुधा आश्चर्याने.

भाचीला दादरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि तिनेही सायकल मागितली. ताईने साफ सांगितलं, "पोरीला बसखाली घालू? आधी रस्त्यात तिच्यापुरती जागा दाखवा." दुसरा कुणी गप्प बसला असता. भाऊजी म्हणाले, "दाखवतंय तुका!" तेव्हापासून ते नगरसेवकाला सत्यनारायणाला बोलवायचे आणि तोंडात प्रसाद असल्यामुळे त्याला बोलता येत नाही तोवर सायकलींचा वेगळा पट्टा का हवा ते ऐकवायचे.

एकदा पालिकेचे एक साहेब पाहणीला यायला तयार झाले. भाऊजींनी पहाटेच चाळीपासून नाक्यापर्यंत चुन्याच्या दोन सरळ रेघा मारल्या. चुकलं एवढंच, की दिवस गणपतीचे होते. त्या दिवसांत लालबागमध्ये जमिनीवर दोन रेघा दिसल्या की माणूस विचारत बसत नाही, आत उभा राहतो. भाऊजी अंघोळ करून येईपर्यंत पट्टा गच्च भरला होता आणि नारळवालाही आला होता. "अहो, हा सायकलींचा रस्ता आहे!" भाऊजी ओरडले. सगळ्यात पुढच्या आजी म्हणाल्या, "मग सायकली माझ्या मागे लावा." साहेब आले, त्यांनी चपला काढल्या आणि तेही रांगेत लागले. भाऊजी त्यांच्याशेजारी उभे राहून दुपारपर्यंत बोलत होते. नंबर जाईल म्हणून साहेबांना हलता येईना.

पुढे भाची लग्न होऊन नाशिकला गेली. भाऊजींचा हट्ट सुटला नाही. "तिच्या आईला जागा दाखवायची राहिलीय," म्हणायचे. अखेर गिरणीच्या जागी टॉवर आला आणि टॉवरवाल्यांच्या हौसेपायी का होईना, समोर सायकलींचा हिरवा पट्टा आखला गेला. तोवर भाऊजींचे गुडघे गेले होते. त्यांनी भाचीला बोलावून घेतलं. ताईने पट्ट्याची रुंदी पावलांनी मोजली, मग म्हणाली, "जा गो बाय."

चाळिशी ओलांडलेली माझी भाची ओढणी खोचून सायकलवरून निघाली. पट्टा नाक्याच्या अलीकडेच संपत होता. तिथे भाऊजी काठी टाकून, भर रस्त्यात हात पसरून उभे होते. टॅक्सीवाले शिव्या घालत होते. "थांबू नको गो, येत रव! मी हय आसंय!" ते तिला ओरडून सांगत होते. एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी डोळे भरून आले. त्यांचे पाय लटपटत होते, पण हात खाली येत नव्हते.