कुंकू लावलेली मोटार

आयुष्यात मी एकच कोरी मोटार घेतली, आणि तीसुद्धा परत द्यायला निघालो होतो.

साल ऐंशीच्या आसपासचं. मी कोल्हापुरात शाळामास्तर. घरावर पत्रे होते आणि पावसाळ्यात आम्ही अंथरुणांपेक्षा पातेलीच जास्त पसरायचो. म्हणून माझ्या बायकोनं, शालननं, सात वर्षं पोटाला चिमटा काढून स्लॅबसाठी पैसे साठवलेले. नेमक्या तेवढ्याच पैशात बसणारी एक मोटार शाहूपुरीतल्या दुकानात उभी होती. पांढरी, फायबरची, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. (कंपनीचं नाव आता कंपनीलाही आठवत नसेल.) इतकी स्वस्त का, हे मी विचारलं नाही. स्वस्त वस्तूला कारण विचारू नये, ती महाग वाटायला लागते.

शालन म्हणाली, आधी मामांना दाखवा. माझे दादूमामा म्हशींचे नावाजलेले पारखी. त्यांनी मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायर दाबले, बोनेट उघडून आतला वास घेतला आणि दुकानदाराला अट घातली. म्हैस घेताना तिला दारात बांधून तीन वेळा धार काढून बघतात. तशी मोटारही दारात ठेवून तीन वेळा चालवून बघणार, मगच व्यवहार. दुकानदारानं तात्काळ होकार दिला, वर ड्रायव्हरही दिला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"फकस्त एक ध्यानात ठेव," मामा मला म्हणाले. "पसंत पडंपर्यंत कुंकू लावायचं न्हाय. कुंकू लावलं की जनावर आपलं. मग आटू दे न्हाय तर लाथा मारू दे, परत देत न्हाईत."

पहिली फेरी रंकाळ्याला. मोटार झकास पळाली. मी खिडकीतून हात बाहेर काढून ओळखीच्यांना आणि अनोळख्यांनाही नमस्कार केले, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं की मास्तरांनी मोटार घेतली.

दुसरी फेरी जोतिबाला. चढावर आधी मामा उतरले, मग शालन, मग मी. शेवटी ड्रायव्हरही उतरला आणि म्हणाला, "आता चढंल बघा."

घरी आल्यावर शालननं निकाल दिला. मोटार परत आणि घरावर स्लॅब. मामांनी मान डोलावली. पण शाळेत काय तोंड दाखवणार? लग्न लागून गेलं की वऱ्हाडाला काही बोलता येत नाही, असा विचार करून मी पहाटे उठलो, कुंकू पाण्यात कालवलं आणि मोटारीच्या कपाळाला पाच बोटं ओढली.

सकाळी तिसरी फेरी. मोटार सुरूच होईना. ड्रायव्हरनं जोर लावला तसा गिअरचा दांडा उपटून त्याच्या हातात आला. तो त्यानं अदबीनं माझ्याकडं दिला. माझं प्रेम तिथंच आटलं. आता ही परत गेलीच पाहिजे! मी टॉवेल भिजवून कुंकू पुसायला धावलो. फायबरवर ते जे पसरलं, ते सगळं बोनेट गुलाबी झालं.

एवढ्यात शालन बाहेर आली. मागोमाग मामा.

"हे कुणी लावलं?" शालननं विचारलं.

"मी."

तिनं गुलाबी बोनेटवरून एक बोट फिरवून बघितलं. तिच्या माहेरच्या गोठ्यातून कुंकू लावलेलं जनावर कधी माघारी गेलं नव्हतं. "मग आता देता येत न्हाय," ती म्हणाली, आणि स्लॅबचे पैसे काढायला आत गेली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मामांना म्हटलं, तुम्ही तरी तिला समजवा, तुम्ही एवढे पारखी.

"कसला पारखी," मामा म्हणाले. "तीन दिस मोटार तपासत बसलो. आदी तुला तपासायला पायजे हुतं."

दुकानदारानं मला पहिल्याच दिवशी तपासलं होतं.