अर्धा ठेवलेला डाव

यंदा मोबाइलवर नाना गेम खेळलो, पण रंगला तो लुडोच, आणि तोही भोसरीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमधल्या शेजाऱ्याबरोबर. नाव ना त्यानं विचारलं, ना मी. मोबाइल त्याचा, डाव दोघांचा. त्याचा गुडघा सारखा हलत असायचा. आणि जिंकत आला की हटकून मोबाइल खिशात टाकायचा.

"अहो, संपवा की!" मी वैतागायचो.

"न्हाई भाऊ. आमी कॉन्ट्रॅक्टवाली माणसं. डाव अर्धा असला की उद्या परत बोलावत्यात."

एकदा चाकणच्या चौकात बस अडकली ती अडकलीच. खेळाच्या नादात त्याची शेवटची सोंगटी घरात गेली. जिंकला तो, आणि चेहराही त्याचाच उतरला. घाईघाईनं त्यानं नवा डाव मांडला. सोंगटी बाहेर काढायला सहा हवा होता. कंपनीचं गेट येईपर्यंत तो फासा टाकत राहिला. सहा काही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर दुसराच माणूस बसला होता. त्याला ब्रेक दिला म्हणे, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी बसवलं.

आता मी एकटाच मोबाइलशी लुडो खेळतो. चौक आला की डाव अर्धा ठेवून मोबाइल खिशात टाकतो. मी पर्मनंट आहे. तरी गुडघा हलतोच.