फिनिश आजींचं ‘नको’

मोबाइलला बटणं होती तेव्हाची गोष्ट. सिंगापूरला, पासिर रिस भागात आमच्या शेजारी एक कॅनेडियन गृहस्थ राहायचे. वडील गेल्यावर त्यांनी आईला महिनाभरासाठी आणलं होतं. आजी पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा मी कॉफी विचारली. “नको, उगीच त्रास कशाला,” त्या म्हणाल्या. आमचे हे पक्के पुणेकर. “बरं” म्हणून पेपरात शिरले. लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली, “शी सेड नो, लाह.” मी कोल्हापूरची. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. मग सरळ कपच हातात दिला. आजींनी एकामागोमाग दोन कप रिचवले.

नंतर मात्र त्या खुलल्या. त्यांचे आजोबा फिनलंडहून कॅनडाच्या जंगलात आले. जमीन मिळाली, पण नुसते दगड. आणि या लोकांनी घराआधी काय बांधावं, तर सौना, म्हणजे घाम काढायची लाकडी खोली! पहिला हिवाळा त्यातच काढला, आजींचे वडील जन्मले तेही तिथेच. मी म्हटलं, तेवढा घाम आम्हाला इथे लिफ्टची वाट बघतानाच येतो. आजी खुदकन हसल्या. वस्तीत दर शनिवारी एकेकाकडे सौना तापायची, मग कॉफी. पहिल्यांदा विचारल्यावर घेणारा हावरट, आणि एकदाच विचारणारा कंजूष. आमचं कोल्हापूरच की हे! आता तिथे मोजकी म्हातारी माणसं उरली होती. पोरं केव्हाच शहरात गेली, आजींचा मुलगा तर शाळेपासूनच.

जायचा दिवस जवळ आला. मुलगा लिफ्टपाशी भेटला, चेहरा उतरलेला. “कायमची राहा म्हटलं, तर नको म्हणाली. तिच्या मनाविरुद्ध कसं ठेवू?”

“किती वेळा विचारलंत?”

“एकदा.”

मी कपाळावर हात मारून घेतला. घरात एक पुणेकर होताच, शेजारीही निघाला.

संध्याकाळी दोघांना कॉफीला बोलावलं आणि त्याला म्हटलं, आता पुन्हा विचारा. त्याने विचारलं. “नको रे, तुला कशाला त्रास.” तो माझ्याकडे बघायला लागला, जणू ‘बघा, नकोच म्हणाली ना?’ मी डोळे वटारले.

“आई, मला त्रास नाही गं,” तो म्हणाला. “तू इथे हवी आहेस मला.”

आजींनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “मला वाटलं, तू पुन्हा विचारणारच नाहीस.”