ऐकू न येणारी बस

गाडी रिकामी धावतेय हे सावंत सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी ते भरल्या मीटिंगमध्ये सांगितलं. स्क्रीनवर सगळ्या रूटचा तक्ता होता आणि शिरूर-न्हावरे-दौंड या माझ्या रूटची ओळ लाल केलेली होती. बाकीचे रूट इन्चार्ज आपापल्या चहाच्या कपात बघत बसले.

"महिनाअखेरपर्यंत बघू," सर म्हणाले. "नाहीतर या गाड्या पुण्यात हलवू. तिथं लोक दारात लोंबकळतात."

मी इलेक्ट्रिक बस चालवणाऱ्या एका खाजगी कंपनीत काम करते. रूट इन्चार्ज म्हणजे गाडी वेळेवर सुटली का, चार्जिंग पुरेसं आहे का, ड्रायव्हर जेवला का आणि प्रवासी कुणाला शिव्या देतायत, हे सगळं बघणारा माणूस. त्याआधीची माझी सगळी नोकरी डिझेलच्या गाड्यांत गेली. धुराचा वास साडीतून जायचा नाही. त्यामुळे या गाड्या आल्या तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, आणि त्या परत जाणार म्हटल्यावर त्या रात्री मी तक्ता घेऊनच बसले.

लाल ओळ कशाची होती ते सांगते. आमच्या धंद्यात लोड फॅक्टर म्हणतात. गाडीत जेवढ्या सीट, त्यातल्या किती भरल्या, एवढाच त्याचा अर्थ. लोकांना वाटतं की विजेची बस धावली की प्रदूषण कमी झालं. तसं नसतं. वीजही बऱ्याचदा कोळसा जाळूनच तयार होते. धूर आपल्या नाकासमोर नसतो इतकंच. एका बसमुळे दहा मोटरसायकली आणि दोन जीप घरी राहिल्या, तर हवेचा फायदा. बस रिकामी आणि शेजारून त्याच मोटरसायकली चालल्यात, तर आपण नुसतीच जास्तीची वीज जाळली. म्हणजे सरांचं म्हणणं चूक नव्हतं. रागही त्याचाच जास्त आला.

तक्त्यात एक गोष्ट खटकत होती. शिरूरला गाडी भरायची, न्हावऱ्यात चांगली चढउतार व्हायची, दौंडलाही ठीक. पाणी मुरत होतं ते मधल्या वस्त्यांवर. आमच्याआधी त्याच वेळेला डिझेलची गाडी यायची, तेव्हा तिथले लोक चढायचे. तिकीट तेवढंच, थांबे तेच, आणि आमची गाडी तर नवी कोरी. तरी माणसं गायब.

माझा पहिला संशय वडापवाल्यांवर गेला. वडाप म्हणजे सीट भरल्याशिवाय न हलणाऱ्या जीप. न्हावऱ्याच्या चौकात बाळू नावाचा एक जीपवाला उभा असतो, त्याला मी रस्त्यातच गाठलं. आमच्या गाडीपुढं जीप दामटून पॅसेंजर उचलतोस का, असं सरळ विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी तुमच्या मागं असतो, पुढं न्हाई. तुमची गाडी गेल्यावर माणसं पळत येत्यात. त्यांना तिथंच ठिवू का?"

मला ते पटलं नाही. चोर कधी चोरी कबूल करतो का, असं म्हणून मी निघाले. पण आमचा ड्रायव्हर शिंदेही जवळपास तेच सांगत होता. तो थांब्यावर गाडी उभी करायचा, कुणी नसायचं, म्हणून निघायचा. आणि पुढच्या वळणावर आरशात बघितलं की शेतातून माणसं हात करत धावताना दिसायची. गाडी मागं घ्यावी तर पाठीमागं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. शिंदेचं मत ठाम होतं की या लोकांना वेळेचं भान नाही. खरं सांगायचं तर माझंही मत तेच होत चाललं होतं.

शेवटी मी ठरवलं की जिथं आकडे सगळ्यात जास्त पडलेत त्या वस्तीवर जाऊन बसायचं. न्हावऱ्याच्या पुढं, ओढा ओलांडून चढ चढल्यावर ती वस्ती आहे. शिरूरकडं जाणाऱ्या सकाळच्या गाडीनं मी तिथं उतरले. परतीची, दौंडकडं जाणारी गाडी शिंदेच घेऊन येणार होता. मी वस्तीच्या थांब्यावरून चढेन, असं त्याला सांगून ठेवलं.

थांबा म्हणजे एक खांब आणि त्यावर वेळेची पाटी. शेड नाही, झाड नाही. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. उसातून एक पायवाट आत जात होती, तिच्यानं मी पहिल्या घरी पोचले. ते सोपान आबांचं घर. पूर्वी मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडणारं कुटुंब, आता ऊस, कांदा आणि दोन जर्सी गाई. मुलगा चाकणला कंपनीत. घरात आबा आणि त्यांची बायको जनाबाई, दोघंच.

जनाकाकू तयार होऊन ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी पिशवी, पिशवीत टॉवेल, चादर आणि डबा. कुठं निघालात म्हणून विचारलं तर आबांनी सांगितलं की दौंडच्या दवाखान्यात, मशीनवर. म्हणजे डायलिसिस. काकूंच्या किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा त्यांना जावं लागायचं. एक खेप चुकली की अंगात पाणी साठतं आणि श्वास लागतो. त्यांचे पाय तेव्हाच सुजलेले होते. मागची खेप चुकली होती, असं आबा बोलता बोलता म्हणाले.

"का चुकली?"

"तुमची गाडी गावली न्हाई."

ते रागानं बोलले नाहीत. पाऊस झाला नाही हे सांगावं तसं सांगितलं. मला मात्र ओशाळं वाटलं. म्हटलं, आज मी आहे, आज गाडी चुकणार नाही.

चहा झाला. मी घड्याळ बघत होते. पाटीवरची वेळ जवळ आली तरी दोघं हलेनात. काकू भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेल्या. मी म्हटलं, "आबा, निघायला पाहिजे. वेळ झाली."

"वेळ पाटीवर हाय," आबा म्हणाले. "गाडीला कुठं पाटी वाचता येती? उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या की कवा बी येती. हिला रस्त्याला उभं ऱ्हावत न्हाई. गाडी आली की निघू."

"आली हे कळणार कसं?"

"ओढ्यात उतरली की कळतं की. चढाला लागली की गुरगुरती. तवा उठायचं. हळूहळू चालत जाईस्तवर गाडी येती दारात."

मी मान डोलावली. ऐकताना त्यात काही वावगं वाटलंच नाही. आम्ही तिघंही ओढ्याकडं कान लावून बसलो. गाई रवंथ करत होत्या, लांब कुठं तरी उसाची तोड चालू होती. मग माझा फोन वाजला. शिंदे होता.

"ताई, आहात कुठं? केव्हाचा फोन लावतोय, रेंज नव्हती. वस्तीवर थांबलो, कुणीच नव्हतं. पुढच्या गावात आलोय. दौंडला ट्रेन धरणारी माणसं आहेत गाडीत, ओरडायला लागलीत."

मी उठून उभी राहिले. गाडी आमच्यापासून दोन शेतांवरून गेली होती, थांबून गेली होती, आणि आम्ही तिघं कान देऊन बसलो असताना गेली होती. इलेक्ट्रिक गाडीला गिअर नाही, इंजिन नाही. चढ असो की उतार, ती गुरगुरत नाही. उसाआडून दिसणार नाही आणि ऐकू येणार तर त्याहून नाही. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही. गाड्या आल्या तेव्हा याच शांतपणाचं मी शिरूरच्या शाळेत जाऊन कौतुक केलं होतं. शिंदेला मी जायला सांगितलं.

आबांना म्हटलं, गाडी गेली. त्यांनी काकूंकडं बघितलं. काकू म्हणाल्या, "मला वाटलं माझंच कान गेलं. ह्यांना म्हणत व्हते, आता डोळं झालं, गुडघं झालं, कान बी गेलं."

"मी बी तेच समजून ऱ्हायलो," आबा म्हणाले. "समद्या वस्तीला आसंच झालंय. कोण कुणाला सांगंना."

पुढं वस्तीत फिरले तेव्हा ते खरं निघालं. म्हाताऱ्या माणसांना वाटत होतं वय झालं, बायकांना वाटत होतं कामाच्या नादात लक्ष राहिलं नाही. गाडी बदलली म्हणून ऐकू येत नाही, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. गाडी म्हटली की ती आवाज करणारच, एवढं गृहीत होतं.

पण ते नंतर. त्या दिवशी आधी दवाखाना गाठायचा होता. काकूंना बोलतानाही दम लागत होता. मी बाळूला फोन करायला आबांनाच सांगितलं, कारण माझ्या तोंडानं त्याला बोलावण्याची मला लाज वाटत होती. तो सीट भरायची वाट न बघता आला. पायवाटेच्या तोंडापर्यंत जीप आत घातली आणि काकूंना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. दौंडला पोचेपर्यंत काकूंची मशीनची वेळ टळली होती, त्यांच्या जागी दुसरा पेशंट झोपला होता. सिस्टर आमच्यावरच चिडली. मशीन रिकामं होईपर्यंत काकू बाकावर बसून तोंडानं श्वास घेत होत्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. इतकी भीती मला त्याआधी नोकरीत कधी वाटली नव्हती. त्यांना आत घेतलं तेव्हा दुपार कलली होती.

दुसऱ्या दिवशी मी सावंत सरांच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. सर म्हणाले, "आपलं ॲप आहे ना? लाइव्ह लोकेशन दिसतं."

"सर, त्यांना गाडी बघायची सवय नाही. ऐकायची आहे."

"मग काय, इलेक्ट्रिक बसला डिझेलचा आवाज लावू? शांत गाडी म्हणून आपण जाहिरात केलीय."

"आवाज नको. ओढ्यात उतरायच्या आधी एक लांब हॉर्न द्यायचा. एवढंच."

ते हसले, पण मी हसत नाही हे बघून थांबले. कंपनीचा नियम उलटा होता: विनाकारण हॉर्न वाजवायचा नाही. शिवाय गाड्यांचा हॉर्न शहराच्या हिशोबानं दिलेला, मिळमिळीत. उसाच्या पलीकडं जाणार नाही असा. सरांनी आरटीओच्या नियमात बसेल असा मोठा हॉर्न लावायची परवानगी दिली, तीही महिनाअखेरपर्यंतच. सगळ्यात जास्त कुरकुर शिंदेनं केली. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, पण या गाडीवर आल्यापासून घरी गेलं की कानात घुमत नाही, म्हणून तो खूश होता. तरी त्यानं ऐकलं.

नुसता हॉर्न लावून भागणार नव्हतं. ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या वस्त्यांवर घरोघर जाऊन सांगावं लागलं की लांब हॉर्न झाला की निघा. तळेगावच्या बाजाराला जाणाऱ्या बायकांनी ते बाजारभर केलं. एका गुरुजींनी तक्रार केली की शांतता भंग होते. एकाची म्हैस दावं तोडून पळाली आणि तो माझ्या नावानं ओरडत थांब्यावर आला. मी त्यालाही चहा पाजला. हळूहळू थांब्यावर माणसं दिसायला लागली. महिनाअखेरीला माझी ओळ लालची पिवळी झाली, आणि सरांनी आणखी मुदत दिली. पुढं ती मुदत कुणी मोजली नाही. गाड्या राहिल्या.

जनाकाकू पुढच्याच सीटवर बसायच्या. शिंदे त्या चढून बसल्याशिवाय गाडी हलवायचा नाही. मी गाडीत असले की त्या डब्यातलं काहीतरी माझ्या हातावर ठेवायच्या. स्वतःला बरंचसं चालायचं नाही, म्हणून दुसऱ्याला खाताना बघायचं. त्यानंतर गाडीमुळे त्यांची एकही खेप चुकली नाही. पण मशीन माणसाला बरं करत नाही, ते दिवस पुढं ढकलतं. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. घरीच, झोपेत.

मी दहाव्याला जाऊन आले. त्यानंतर काही दिवसांनी आबांचा फोन आला. आधी गाईंचं बोलले, उसाचं बोलले. मी विचारलं, आबा, काही काम होतं का?

"ताई, त्यो हॉर्न बंद करता येईल का? आमच्या ओढ्याचा तेवढाच."

ते सांगत राहिले, "हॉर्न झाला की मी उठतोय. पिशवी घ्यायला आत जातोय. मग ध्यानात येतं. रोज होतंय हे."

कुणालाही हो म्हणावंसं वाटेल असं ते मागणं होतं. पण आता त्या हॉर्नवर दोन्ही वस्त्या चालत होत्या. कॉलेजच्या मुली होत्या, बाजारच्या बायका होत्या, आणि मशीनवर जाणारे आणखी एक गृहस्थ पलीकडच्या वस्तीवरून चढू लागले होते. मी म्हटलं, "आबा, नाही करता येणार."

"व्हय," ते म्हणाले. "मला ठावं हाय. पर इचारून बघितलं."

आमच्या कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात त्या रूटवर किती कार्बन वाचला याचा तक्ता दाखवतात आणि मी टाळ्या वाजवते, कारण तो वाचतो हे खरं आहे. नवीन इन्चार्जना शिकवताना मी बॅटरी आणि चार्जिंग नंतर सांगते. आधी सांगते की गाडी वस्तीवर पोचली म्हणजे काम झालं नाही, ती आलीय हे घरात बसलेल्या माणसाला कळलं पाहिजे. आबांचं मात्र मी कुणाला सांगत नाही. हॉर्न अजून वाजतो.