मोजणीबाईने नाकारलेली चेन

तिला सगळे मोजणीबाई म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. बागांच्या खात्यात बावीस वर्षं काढली तिनं. पहिली आठ पानं झाडण्यात गेली, पुढची चौदा हातकरवतीनं फांद्या कापण्यात आणि पुरुषांच्या शिड्या धरण्यात. शिडी लावली की आधी पायऱ्या मोजायची, दोर आला की गाठी मोजायची. एकदा एकानं चिडवलं, काल अकरा पायऱ्या होत्या, आज बारावी उगवली का गं? ती शांतपणे म्हणाली, मागच्या वर्षी दहाच निघाल्या होत्या, आणि तेव्हा तू खाली होतास, मी वर होते. त्यानंतर तो तरी चिडवायचा थांबला. बाकीच्यांचं काय, पालथ्या घड्यावर पाणी.

खात्याकडे लाकूड कापायची चेनची मशीन एकच, आणि ती चालवायचा तिचा थोरला भाऊ. दादा म्हणजे त्या कामातला वाघ. पडलेला केवढाही बुंधा असो, दादा आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारायचा, थुंकायचा, मग मशीन सुरू करायचा. दोन वर्षांपूर्वी असाच एक बुंधा कापताना चेन, ती ज्या लांब लोखंडी पट्टीभोवती फिरते तिच्यावरून, उडाली आणि उलटी येऊन त्याच्या उजव्या हातावर बसली. हातमोजा होता म्हणून हात वाचला, पण दोन बोटं कायमची वाकडी राहिली. चौकशी झाली. वरून साहेब आले, त्यांनी मशीन पाहिली आणि लिहिलं की चेन ढिली ठेवली होती, कामगाराचा निष्काळजीपणा. खाली दादानं डाव्या हातानं सही केली.

त्या दिवसापासून दादा फाटकावर बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याची वहीत नोंद करायची, डाव्या हातानं, कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात. उजवा हात खिशात. चहाचा कपसुद्धा डाव्या हातानं. वहिनी म्हणायची, यांना बोटांचं दुःख नाही, त्या एका ओळीचं आहे. आणि खरंच तसं होतं. कुणी विषय काढला की दादा म्हणायचा, "मीच ढिली ठेवली असणार. मशीन थोडीच खोटं बोलेल?" सगळ्या आयुष्यात ज्यानं एक नट ढिला ठेवला नाही, तो माणूस असं बोलायचा. मोजणीबाईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पण काय बोलणार? सही त्याची होती.

मशीन मात्र तेव्हापासून रुसल्यासारखीच वागत होती. दुसऱ्या दोघांनी चालवून पाहिली. सरळ काप घ्यायला जावं तर तिरका जायचा. एकानं तर सांगून टाकलं, हिला दादाचा शाप लागलाय. मग ती शेडमध्ये पोत्याखाली गेली आणि खात्यानं बाहेरची माणसं बोलवायला सुरुवात केली. अशात सूचना लागली की मशीन चालवण्याची जागा भरायची आहे, प्रत्यक्ष परीक्षा घेऊन. जुनी चेन उतरवायची, नवी बसवायची, ताणायची आणि एका ओंडक्याचे तीन काप घ्यायचे. मोजणीबाईनं अर्ज टाकला. शेडमध्ये हशा पिकला. मुकादम म्हणाले, बाई, हे हात दाखवून अवलक्षण कशाला? ती म्हणाली, नियमात बाईमाणूस नको असं लिहिलंय का? नव्हतं लिहिलं. मुकादमांनी दोनदा वाचून पाहिलं, तरी नव्हतं.

महिनाभर ती संध्याकाळी दादाच्या घरी बसायची. दादा मशीनला हात लावत नसे, पण तोंडानं त्यानं सगळं शिकवलं. ब्रेक आधी मोकळा कर, नाहीतर चेन फिरणारच नाही. वरच्या बाजूला दातांची धार पुढे, टोकाकडे हवी. उलटी बसवलीस तर दिवसभर नुसतं लाकूड घासत बसशील. ताण असा ठेव की खालून ओढली तर पट्टीला चिकटून राहील आणि बोटानं फिरवली तर फिरेल. नवी चेन दोन-तीन कापांनंतर सैल पडते, तेव्हा थंड होऊ दे आणि परत ताण. हे शेवटचं सांगताना तो दर वेळी उजवा हात खिशात आणखी खोल घालायचा.

एक गोष्ट मात्र तिला दादानं शिकवली नाही, कारण ती त्यालाही कुणी शिकवली नव्हती. शेडमधलं टेबल डुगडुगायचं म्हणून त्याच्या एका पायाखाली जाड कागद घडी करून ठेवला होता. ती झाडायला वाकली आणि तिला त्यावर मशीनचं चित्र दिसलं. मशीनबरोबर आलेली पुस्तिका होती ती. वर्षानुवर्षं टेबलाचा भार सोसत पडली होती आणि एकानंही उघडली नव्हती. बाईनं टेबलाखाली लाकडाचा तुकडा सरकवला आणि पुस्तिका घरी नेली. त्यात लिहिलं होतं की नुसत्या पट्टीच्या लांबीवर चेन घेऊ नये. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: कड्यांमधलं अंतर, चेनच्या खालच्या बाजूला, पट्टीच्या खाचेत चालणारे जे पाय असतात त्यांची जाडी, आणि त्या पायांची संख्या. मोजायला तीन-तीन गोष्टी! तिला वाटलं, हे पुस्तक आपल्यासाठीच छापलंय.

परीक्षेच्या सकाळी शेडपुढे सगळं खातं गोळा झालं. वरचे साहेब आले होते, तेच, चौकशीला आलेले. स्टोअरवाल्यानं भिंतीवरच्या खिळ्याची एक चेन काढून दिली. खात्याची रीतच तशी होती: नव्या चेना आल्या की स्टोअरवाला खोकी फेकून द्यायचा आणि चेना खिळ्यांना टांगायचा. कुठली चेन द्यायची, हे रजिस्टर बघून ठरायचं. कामगारानं हात पसरायचा आणि मिळेल ते घ्यायचं. स्टोअरचा माल तपासणं म्हणजे स्टोअरवाल्याच्या इमानावर शंका घेणं, असं सगळे मानत. दादाही मानायचा.

तिनं ब्रेक मोकळा केला, दोन नट काढले, झाकण उतरवलं, जुनी चेन बाजूला ठेवली. तारेनं पट्टीची खाच साफ केली. नव्या चेनचे पाय मोजले, एकेक, बोट लावून. सदुसष्ट. मागून कुणीतरी म्हणालं, संध्याकाळपर्यंत होईल का? तिनं चेन चाकावर घातली, पट्टीवर फिरवली, धार पुढे. बरोबर बसली. ताणली. साहेबांनी मान डोलावली आणि ओंडक्याकडे हात केला.

तिनं मशीन सुरू केली नाही. चेन दोन बोटांत धरली आणि डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिली. चेन खाचेत लटलटत होती, मोठ्या चपलेत लहान पाय घातल्यासारखी. तिनं नट सोडवले आणि चेन उतरवून टेबलावर ठेवली.

"ही चेन या पट्टीची नाही," ती म्हणाली. "पाय बारीक आहेत. कापताना कलेल, निसटेल. मी हिनं कापणार नाही."

मग काय विचारता! मुकादम म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. स्टोअरवाल्यानं रजिस्टर उघडून सगळ्यांसमोर वाचलं, या मशीनला हीच चेन, पहिल्या दिवसापासून. साहेब म्हणाले की बसली तर आहे, मग अडचण काय, आणि बाईंना कापायचं नसेल तर तसं लिहितो, मशीन चालवण्यास नकार. त्यांनी पेन काढलंही.

तिला कळत होतं की ती एक ओळ लिहिली गेली की जागा गेली, आणि पुढची दहा वर्षं शिडी धरायची. पण या घराण्यातल्या एकानं नको त्या ओळीखाली सही केली होती तेवढी पुरे झाली.

"लिहा साहेब," ती म्हणाली. "पण कारण मी सांगते ते लिहा. आणि लिहिण्याआधी बघा."

तिनं चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि पट्टीचं मशीनकडचं टोक घासायला लागली. साचलेलं काळं तेल निघालं आणि खाली कोरलेले आकडे दिसले. पायांची जाडी एक पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर. स्टोअरमधून चेन मोजायचं माप मागवलं. कुणी हलेना, तेव्हा ती स्वतः जाऊन घेऊन आली. नव्या चेनचे पाय भरले एक पूर्णांक तीन दशांश. उतरवून ठेवलेली जुनी चेन मोजली. तीही एक पूर्णांक तीन दशांश.

स्टोअरवाला म्हणाला, असं कसं, मशीन आली तेव्हा बरोबरच होतं. आणि बोलता बोलता तो थांबला. बाईनं विचारलं, ही पट्टी मशीनबरोबर आलेलीच आहे का? त्यानं पानं मागे उलटली. नव्हती. मधे एकदा पट्टी वाकली म्हणून बदलली होती, दादा मुलीच्या लग्नासाठी रजेवर होता तेव्हा. पट्टीच्या पानावर पट्टी बदलल्याची नोंद झाली, चेनच्या पानावर चेन तीच राहिली. बाईनं तारीख विचारली. त्यानं सांगितली. ती बोटांवर मोजायला लागली आणि अठराव्या दिवशी थांबली. तो दादाच्या अपघाताचा दिवस होता.

त्या क्षणापर्यंत तिनंही तिथवर विचार केला नव्हता. ती फक्त आपली परीक्षा द्यायला आली होती. आता तिनं हातातलं माप टेबलावर आपटलं. दोन वर्षं! दोन वर्षं तिच्या भावानं उजवा हात खिशात घालून काढली होती.

साहेब घसा खाकरून म्हणाले, बरोबर चेन असेल तर आणा, परीक्षा पुरी करू, जुनं उकरण्यात अर्थ नाही. चेन होती, त्याच भिंतीवर, तिसऱ्या खिळ्याला, नव्या पट्टीबरोबर आली तेव्हापासून टांगलेली. बाईनं जाडी मोजली, अंतर पाहिलं, पाय मोजले आणि बसवली. हलवून पाहिली, जरासुद्धा लटलटली नाही. पहिला काप सरळ गेला. दुसराही. तिनं मशीन बंद केली, चेन थंड होईपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवलं, परत ताणली आणि तिसरा घेतला. ज्या मशीनला शाप लागला होता तिनं ओंडक्याची गोल चकती पाडली, दोन्हीकडून सारखी. मुकादमांनी ती उचलून पाहिली आणि जपून खाली ठेवली.

साहेबांनी कागदावर उत्तीर्ण लिहिलं आणि सहीसाठी तिच्यापुढे सरकवला.

"माझी सही थांबू दे," ती म्हणाली. "आधी दादांना बोलवा. त्यांच्या चौकशीचा कागद पण आणा."

साहेब म्हणाले, ते वेगळं प्रकरण आहे. ती म्हणाली, चेन तीच, पट्टी तीच, मग प्रकरण वेगळं कसं? आणि ती ओंडक्यावर बसली, पाय सोडून, जणू सगळा दिवस तिच्या बापाचा होता. कुणाला तिला उठवायचा धीर झाला नाही. शेवटी स्टोअरवालाच चौकशीचा कागद टेबलावर ठेवून, मान खाली घालून, फाटकावर गेला.

दादा आला, हात खिशात. बाईनं बारीक पायांची चेन परत पट्टीवर चढवली, घट्ट ताणली आणि मशीन त्याच्यापुढे धरली. हलवून बघ म्हणाली. त्यानं डावा हात पुढे केला. ती म्हणाली, तो नाही.

त्यानं उजवा हात बाहेर काढला. खात्यातल्या कित्येकांनी तो दोन वर्षांत पाहिलाच नव्हता. वाकड्या बोटांनी चेन धरली, ताण पाहिला. खालून ओढली. मग बाजूला हलवली. चेन लटलटली. त्यानं पुन्हा ओढून पाहिलं, पुन्हा हलवलं, आणि बहिणीकडे बघितलं.

"ताण तर बरोबर आहे," तो म्हणाला. "तरी हलते."

"हो."

"मग मी घट्टच केली होती."

"घट्टच केली होतीस, दादा," ती म्हणाली, आणि साहेबांकडे वळली. "ऐकलंत ना? आता त्याच्या कागदावर हे लिहा, मग मी माझ्या कागदावर सही करते."